व्हेप विकत नसाल तरी: इंदूरच्या छोट्या दुकानदारासाठी ई-सिगारेटबंदीतली कामाची पद्धत

"आम्ही व्हेप विकतच नाही, मग आम्हाला काय?" जेल रोडच्या मोबाइल-ॲक्सेसरीवाल्यापासून भंवरकुआँच्या पानवाल्यापर्यंत बहुतेकांचे उत्तर हेच असते, आणि फसगतही इथूनच सुरू होते. ई-सिगारेटवर, म्हणजेच व्हेपवर, आलेल्या २०१९ च्या बंदीने उघड शोरूम, नावानिशी आयातदार आणि छापील किंमत संपवली. उरला तो दुसऱ्या नावाने फिरणारा माल. कधी तो 'पेन' असतो, कधी 'फ्रूट इन्हेलर', कधी मिक्स लॉटमधली 'गिफ्ट आयटम'. बिल नसलेल्या साखळीत खरा पत्ता एकच असतो, दुकानाचा. म्हणून व्हेप न विकणाऱ्यालाच ही पद्धत जास्त लागते, आणि तिचा मोठा भाग विक्रीच्या गल्ल्यावर नसून माल उतरवून घेण्याच्या टेबलावर आहे.

आधी कायदा, नेमक्या शब्दांत

केंद्राचा वटहुकूम १८ सप्टेंबर २०१९ चा. आठ दिवसांत, २६ सप्टेंबरला, विदेश व्यापार महासंचालनालयाने आयात-निर्यातही बंद केली. डिसेंबरमध्ये संसदेची मंजुरी मिळून २०१९ चा ४२ वा कायदा झाला. माल संपवायला मुदत दिली नाही, भरपाईची तरतूदही ठेवली नाही. ज्यांच्याकडे साठा होता त्यांनी यादी करून तो जमा करायचा, एवढेच.

व्याख्या फार रुंद आहे. एखादा पदार्थ तापवून ओढण्यासाठी धूरसदृश फवारा तयार करणारे कोणतेही इलेक्ट्रॉनिक उपकरण, त्यात निकोटिन असो वा नसो, स्वाद असो वा नसो, आकार आणि नाव काहीही असो. तंबाखू न जाळता तापवणारी यंत्रे आणि ई-हुक्का यांची नावे तर कायद्यात लिहिलेलीच आहेत. वगळले आहे ते फक्त औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० खाली परवाना असलेले उत्पादन. पुरवठादाराचे आवडते वाक्य, "झीरो निकोटिन आहे, चालतं", इथेच निकालात निघते. चालत नाही. पाकिटावर 'हर्बल' किंवा 'आयुर्वेदिक' लिहिले म्हणूनही चालत नाही.

कलम ४ उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप आणि जाहिरात बंद करते, पूर्ण वस्तू असो की तिचा एखादा भाग. म्हणजे सुटे पॉड (लिक्विडची छोटी डबी), कॉइल (ते तापवणारी तार), लिक्विडची बाटली हेही त्यातच आले. कलम ५ साठवणुकीबद्दल आहे. शिक्षा अशा: कलम ४ मोडल्यास पहिल्यांदा एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. पहिल्या वेळचे 'किंवा' दुसऱ्या वेळी 'आणि' होते, हे नीट वाचा. साठवणुकीला सहा महिन्यांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आणखी एक फरक दुकानदाराच्या फार कामाचा आहे. साठवणुकीच्या कलमात 'जाणूनबुजून' जागा वापरू देणे असा शब्द आहे. विक्रीच्या कलमात तो नाही. खोका मागच्या खोलीत पडला होता आणि आत काय आहे ते ठाऊक नव्हते, असे सांगायला थोडी तरी जागा आहे. तीच वस्तू काउंटरवरून गेली की ती जागा फारच अरुंद होते. म्हणून चाळणी काउंटरच्या आधी हवी.

माल दारात आला की

मिक्स लॉट, 'असॉर्टेड' खोके, दिल्ली-मुंबईहून बिल्टीवर (मालवाहतुकीच्या पावतीवर) आलेली पार्सले: यांवर सही करण्याआधी खोका उघडा. हमाल घाईत असेल तर बिल्टीवर "आतील माल न तपासता घेतला" असे लिहूनच सही करा आणि त्याच दिवशी, दुकानातल्या दुसऱ्या माणसासमोर, मोबाइलवर चित्रण करत उघडा.

ओळखायचे कसे? तोंडाला लावून ओढून बघायचे नाही, हा पहिला नियम. बहुतेक डिस्पोजेबलमध्ये, म्हणजे वापरून फेकायच्या व्हेपमध्ये, बटण नसते. हवेचा दाब ओळखणारा सेन्सर ओढताच कॉइल तापवतो. बाहेरून पाहण्यासारखे पुष्कळ आहे. एक टोक चपटे किंवा निमुळते, मधोमध छिद्र. दुसऱ्या टोकाला हवा आत घेणारे बारीक छिद्र. नव्या मालात या दोन्ही छिद्रांना रबरी बूच किंवा "वापरण्यापूर्वी काढा" छापाचे स्टिकर असते. पेनला, पेन ड्राइव्हला किंवा लिपस्टिकला हवेची छिद्रे कशाला हवीत? तेवढ्यावरच बरेचसे नग वेगळे निघतात.

मग छापील मजकूर वाचा. 'पफ' आणि त्यापुढे मोठा आकडा, टक्क्यांत किंवा मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये ताकद, 'सॉल्ट', 'पीजी-व्हीजी', ओहममध्ये रोध, 'पॉड', 'मेश कॉइल' यांपैकी एकही शब्द दिसला तर पुढे तपासायची गरज नाही. ५ टक्के म्हणजे साधारण ५० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. दोन मिलिलिटरच्या पॉडमध्ये तेवढ्याने शंभर मिलिग्रॅमच्या आसपास निकोटिन येते. तुलनेला, युरोपीय संघात, जिथे विक्री कायदेशीर आहे तिथेही, मर्यादा २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर आणि टाकी २ मिलिलिटरची आहे. आपल्याकडे फिरणाऱ्या मालाला कुणाचीच मर्यादा नसते, कारण तो कोणत्याच प्रयोगशाळेच्या दारातून आलेला नसतो. बंदीचा हा दुष्परिणाम मान्य करायला हवा, पण त्याने तुमची जबाबदारी कमी होत नाही.

सर्वांत फसवा प्रकार पॉवर बँकसारखा दिसणारा. खरी पॉवर बँक काही हजार मिलिॲम्पिअर-तासांची असते आणि तिला वीज बाहेर देणारे तोंड असते. व्हेपमध्ये सेल छोटा, बहुधा काहीशे मिलिॲम्पिअर-तासांचा. त्याचे टाइप-सी तोंड फक्त वीज आत घेते. केबलने जुना मोबाइल जोडून पाहा. चार्जिंग सुरू झाले नाही आणि वस्तूला छिद्र आहे, तर बाजूला ठेवा. शिवाय पॉवर बँकेला भारतीय मानक ब्यूरोची सक्तीची नोंदणी लागते आणि 'आर' पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक वस्तूवर छापलेला असतो. तो नसेल तर व्हेपचा संशय नसला तरी माल परत करण्यासारखाच आहे.

बिल बघताना एचएसएन कोड, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा क्रमांक, वाचायची सवय लावा. ई-सिगारेटचा कोड ८५४३ ४० आणि न जाळता ओढायच्या निकोटिनयुक्त मालाचा २४०४. असे कोड तुम्हाला कोणी लिहून देणार नाही. लिहिलेले असते ९६०८ (पेन), ३३०३ (अत्तर), ८५०७ (बॅटरी). म्हणून कोड आणि वस्तू जुळतात का, एवढेच पाहायचे. 'पेन' म्हणून आलेल्या खोक्यात नगाला धातूचे वजन आणि फळाचा वास असेल, तर उत्तर मिळाले. बिलच नसेल तर वस्तू कितीही निरुपद्रवी दिसो, घेऊ नका.

गोंधळ उडतो तो नेब्युलायझर आणि वाफाऱ्याच्या यंत्रांबद्दल. ती मेडिकलच्या वितरकाकडून, बॅच नंबर आणि पक्क्या बिलासह घ्या, भेटवस्तूंच्या लॉटमधून नाही. नाकाशी धरायची मेंथॉलची कांडी किंवा साधा अठरा-सहाशेपन्नास आकाराचा टॉर्चचा सेल यांना हा कायदा लागत नाही. पहिल्यात वीज नाही, दुसऱ्यात तापवणे नाही. तोच सेल मात्र कॉइल आणि टाकीसोबत एका संचात आला की प्रकरण वेगळे.

या सगळ्याची नोंद एका साध्या वहीत: तारीख, बिल्टी क्रमांक, पुरवठादार, नग, कोणी उघडले, काय नाकारले. फर्म किंवा कंपनीवर गुन्हा आला तर कारभार पाहणारी व्यक्तीही दोषी धरली जाते. तिला सुटायचे असेल तर आपण योग्य ती सर्व काळजी घेतली होती हे दाखवावे लागते. ती काळजी कागदावर नसेल तर न्यायालयात ती घेतलीच नव्हती असे धरून चाला. कामावरच्या मुलांनाही लेखी सूचना द्या आणि सही घ्या. ड्रॉवरमध्ये स्वतःचे चार नग ठेवून मालकाच्या नकळत विकणारा पोरगा हा सर्वांत मोठा धोका आहे, पुरवठादारापेक्षाही मोठा.

आत शिरलेला माल सापडला तर

इथे तीन चुका ठरलेल्या. पहिली, कुरिअरने परत पाठवणे. वाहतूकही बंद आहे, त्यामुळे परतीचे पार्सल हा तुमच्या नावाचा नवा गुन्हा ठरू शकतो. दुसरी, स्वस्तात 'काढून टाकणे', म्हणजेच विक्री. तिसरी, कचऱ्यात फेकणे किंवा जाळणे: लिथियम सेल पेटतो, आणि पुरावा नाहीसा केल्याचा आरोप वेगळा येतो.

दारातच लक्षात आले तर स्वीकारू नका. मालासोबतच्या चलनावर (डिलिव्हरी पावतीवर) "बंदी असलेला माल, स्वीकारला नाही" असे लिहून तारीख आणि शिक्का मारा, फोटो ठेवा.

स्वीकारल्यानंतर कळले तर वेळ महत्त्वाचा. त्याच दिवशी सगळे नग एका पेटीत घाला, विक्रीच्या जागेपासून दूर. यादी दोन प्रतींत करा: नाव, स्वाद, बॅच, नगांची संख्या, कधी व कोणाकडून आले, बिल असल्यास त्याचा क्रमांक. मग वकिलाला सोबत घेऊन जवळच्या ठाण्यात जा. कायद्याने अधिकार उपनिरीक्षक आणि त्यावरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला आहेत, हवालदाराला नाहीत. म्हणून यादीच्या दुसऱ्या प्रतीवर अशा अधिकाऱ्याची सही, हुद्दा, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय पेटी सोडू नका.

वकील कशाला? कारण साठा स्वतःहून जमा करण्याची सोय कायदा लागू झाला त्या वेळच्या मालासाठी लिहिलेली होती. आज सापडलेल्या मालाला आपोआप माफी देणारे कलम नाही. स्वतःहून, विनाविलंब, लेखी जाणे हे 'जाणूनबुजून साठवले नाही' याचा उत्तम पुरावा आहे, पण तो कसा मांडायचा हे जाणकाराने ठरवावे. आधी व्हॉट्सॲपवरच्या पुरवठादाराच्या गप्पा पुसून मग ठाण्यात जाणारे लोक स्वतःच्याच बचावाचा कागद फाडतात.

पेटी एक-दोन दिवस ठेवावी लागली तर उन्हापासून, गॅसपासून दूर, शक्यतो पत्र्याच्या डब्यात. फुगलेल्या किंवा गरम लागणाऱ्या नगाला दाबू नका, टोचू नका, पाण्यात बुडवू नका. गळणारे लिक्विड हातमोजे घालून पुसा. निकोटिन कातडीतूनही शरीरात जाते. हाताला लागले तर साबण-पाण्याने लगेच धुवा. लहान मुलाने चाटले तर उलटी करवू नका, १०८ ला फोन करून थेट इस्पितळ गाठा आणि बाटली किंवा नग सोबत न्या, डॉक्टरला ताकद वाचता आली पाहिजे. लाळ, घाम, उलट्या, थरथर ही लक्षणे लवकर दिसतात.

गोदाम भाड्याने देणारे आणि कुरिअरवाले

सियागंजात एखादे गोदाम किंवा घराच्या तळमजल्यावरची खोली साठवणुकीला देणाऱ्याला वाटते, आपण फक्त भाडे घेतो. कलम ५ मात्र जागेच्या मालकाचाही उल्लेख करते. भाडेकरारात एक ओळ घाला: "सदर जागेत ई-सिगारेट, तिचे सुटे भाग अथवा कायद्याने बंदी असलेली कोणतीही वस्तू ठेवली जाणार नाही, आढळल्यास करार तत्काळ रद्द होईल व मालकास पूर्वसूचना देऊन जागा पाहण्याचा अधिकार राहील." ओळ घातली आणि वर्षभर कुलूप उघडून पाहिलेच नाही, तर तिचा उपयोग फारसा नाही. तीन महिन्यांतून एकदा जाऊन यायचे.

कुरिअरची फ्रँचाइज चालवणाऱ्यांनी पार्सलमध्ये काय आहे ते सांगणाऱ्या घोषणापत्रावर नुसता 'ॲक्सेसरी' हा शब्द मान्य करू नये. कसली ॲक्सेसरी, किती नग, हे लिहून घ्या, पाठवणाऱ्याचे ओळखपत्र पाहा. एकाच माणसाची रोज छोटी, वजनाला हलकी, वेगवेगळ्या खासगी पत्त्यांवर जाणारी, पैसे घरी घ्यायची पार्सले असतील तर समोर उघडायला सांगा. नकार आला तर पार्सल परत द्या. आरोग्य मंत्रालयाने मे २०२३ च्या जाहीर सूचनेत वाहतूकदार व कुरिअर, ऑनलाइन विक्रीची आणि समाजमाध्यमांची संकेतस्थळे यांची स्पष्ट नावे घेतली होती. "आम्ही फक्त पोचवतो" हे उत्तर त्यामुळे आता पुरत नाही.

परदेशातून येणारे पाहुणेही यातच आले. दुबईहून किंवा अमेरिकेहून भाच्याने 'स्वतःपुरते' आणलेले यंत्र हीसुद्धा आयातच, आणि विमानतळावर कस्टम ते जप्त करू शकते. येण्यापूर्वी सांगून ठेवा, एवढे पुरे.

स्टेटस, स्टिकर, फ्लेक्स

जाहिरातीत 'भाग घेणे' हाही गुन्हा आहे. फ्लेक्स छापणारा, इन्स्टाग्रामवर मित्राच्या पेजची स्टोरी पुढे ढकलणारा, दुकानाच्या काचेवर पुरवठादाराने दिलेले रंगीत स्टिकर लावणारा, सगळे त्यात येऊ शकतात. दुकानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ग्राहकाने फोटो टाकला तर ॲडमिनने तो काढावा आणि ग्रुपवर लिहावे, "ही वस्तू आमच्याकडे मिळत नाही, कायद्याने बंद आहे." हा संदेशच पुढे तुमच्या बाजूने बोलतो.

तपासणी आली तर

अधिकृत अधिकारी वॉरंटशिवाय आत येऊन झडती घेऊ शकतो. अडवू नका, पण बघ्यासारखे उभेही राहू नका. नाव, हुद्दा, ठाणे विचारून लिहून घ्या. झडतीला परिसरातले दोन स्वतंत्र पंच हवेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण व्हायला हवे. ते होत आहे का, हे नम्रपणे विचारा.

नग मोजताना स्वतः मोजा. पंचनाम्यात 'एक खोका' असे नको, 'अमुक नावाचे इतके नग' असे हवे. पॉवर बँका, चार्जर, अत्तरे चुकून त्यात गेली तर तिथेच सांगा आणि तसे नोंदवायला लावा. नंतर सोडवून आणायला महिने जातात. कोऱ्या कागदावर सही नाही, न वाचता सही नाही. पंचनामा हिंदीत असेल आणि एखादा शब्द अडला तर विचारून मग सही. यादीची प्रत मागून घ्या. वही, नाकारलेल्या मालाची चलने, कामगारांच्या सह्या हे त्याच वेळी दाखवा आणि दाखवल्याची नोंद करून घ्या. कलम ४ चा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, त्यामुळे 'उद्या बघू' म्हणत वकिलाला फोन करायचे टाळू नका.

गिऱ्हाईक, घर आणि कचरागाडी

मागायला आलेल्याला वाद न घालता एकच वाक्य: "भाऊ, ही वस्तू देशभर बंद आहे, आमच्याकडे मिळत नाही." 'अमुककडे मिळेल' असे कधीही सांगू नका. सिगारेट-बिडी ठेवणाऱ्यांना जुना २००३ चा तंबाखू कायदा आहेच: अठराखालच्यांना विक्री नाही, शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांत दुकान नाही, आणि ६० गुणिले ३० सेंटिमीटरची पाटी ठळक जागी. अल्पवयीन मुलाला तंबाखूजन्य पदार्थ दिल्यास बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. व्हेपच्या दंडापेक्षा ही शिक्षा मोठी आहे, हे पुष्कळ पानवाल्यांना माहीत नसते.

सोडायचे आहे म्हणणाऱ्याला राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन द्या: १८००-११-२३५६, फुकट. ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल दिला तर मोबाइलवर संदेश येतात. मेडिकलमधले २ मिलिग्रॅमचे निकोटिन गम बहुतेक जण च्युइंगमसारखे चघळतात आणि मग मळमळते म्हणून टाकून देतात. हळू चावायचे, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचे, झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावायचे. चहा, कॉफी, थंड पेय यांपासून आधीची पंधरा मिनिटे दूर राहायचे, नाहीतर निकोटिन शोषलेच जात नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला स्वतःहून देऊ नका, आधी डॉक्टर.

'ओढणे' हा शब्द कायद्याच्या कलमांत गुन्हा म्हणून नाही. पण आरोग्य मंत्रालयाची भूमिका कोणत्याही स्वरूपात, कितीही प्रमाणात जवळ बाळगणे हे उल्लंघन आहे अशी आहे. त्यामुळे मुलाच्या दप्तरात सापडलेला नग 'पुरावा' म्हणून महिनाभर कपाटात जपून ठेवण्यात शहाणपण नाही. घरात सापडलेल्या अशा नगासाठी (दुकानात आलेल्या मालासाठी नव्हे) वाट कचरागाडीची. इंदूरच्या गाडीत ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक आणि ई-कचरा असे सहा कप्पे आहेत. टाइप-सीच्या तोंडावर आणि हवेच्या छिद्रांवर इन्सुलेशन टेप लावा, वेगळ्या पिशवीत घाला आणि ई-कचऱ्याच्या कप्प्यात टाकताना "यात बॅटरी आहे" असे गाडीवाल्याला सांगा. सुक्या कचऱ्यात गेला तर पुढे ट्रान्सफर स्टेशनवर कचरा दाबला जातो तेव्हा सेल चिरडून पेटू शकतो. उरलेले लिक्विड नालीत ओतू नका, बाटलीचे झाकण घट्ट लावून ती घरगुती घातक कचऱ्यात द्या.